शेवटचा पाव फेरा

झाकणावर चौदा स्क्रू होते. तीन धड, अकरा गेलेले. गेलेले म्हणजे कितीही फिरवा, नुसते गरगरत राहायचे, कुठे धरायचं नाव नाही. लेकीने बोटीच्या कडेने पेन्सिलीने आकडे टाकले आणि वहीत लिहिलं: एक ते तीन ठीक, चार ते चौदा गेले. एक ते तीन म्हणजे अगदी बोटीच्या नाकाजवळचे.

बोट रिमोटवर चालणारी, ब्याण्णव सेंटिमीटर लांब, फायबरग्लासची, बाबांनी दोन वर्षं सुट्ट्या घालवून घडवलेली. गेल्या रविवारी तळ्यात तिसऱ्या फेरीलाच झाकण मागून उचललं गेलं, पाणी आत शिरलं आणि मोटरने मान टाकली. बाबांनी तिथेच, काठावर, चार लोकांदेखत मामाला फैलावर घेतलं. झाकण बसवताना स्क्रूड्रायव्हर मामाच्या हातात होता ना! मामा बिचारा पुन्हापुन्हा सांगत होता, दाजी, मी फक्त टेकवून सोडले होते. त्या दिवसापासून बाबांनी मेहुण्याशी बोलणं टाकलं होतं, आणि आईने दोघांच्या मधलं टपालखातं चालवायला घेतलं होतं.

टेकवून सोडणे हा त्यांच्या घरचा कायदाच होता. नळ असो, पंखा असो, कुकरचा दांडा असो, स्क्रू कुणीही लावावा, पण टेकला की हात काढून घ्यायचा. शेवटचा पाव फेरा बाबांचा. ते यायचे, डोळे अर्धवट मिटायचे, मनगट जरासं वळवायचे आणि म्हणायचे, “बसला.” एकतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. वर्कशॉपमधली नवी पोरं कातलेला तुकडा घेऊन यायची आणि बाबा त्यावर बोट फिरवून ओरखडा कुठे आहे ते सांगायचे. तीन वर्षांची नोकरी अजून बाकी होती. या बोटांवर आपलं घर उभं आहे, असं ते हसत हसत म्हणायचे; पण ते खरंच होतं.

लेक नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बसलेली. बाबा तिला प्रोफेसर म्हणत, त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे तिला कधी मोजता आलं नव्हतं. शनिवारी दुपारी तिने मागच्या खोलीत खिडकीखाली टेबल ओढलं आणि भोकं दुरुस्त करायला घेतली. काम सरळ होतं. प्रत्येक भोक पाच मिलिमीटरपर्यंत मोठं करायचं, आतून घासायचं, अॅसिटोनने पुसायचं, खालून चिकटपट्टी लावायची आणि इपॉक्सीत, म्हणजे दोन बाटल्यांतली द्रव्यं मिसळली की घट्ट होणाऱ्या डिंकात, काचेचे बारीक तंतू कालवून ते भरायचं. एक दिवस सुकलं की मधोमध नवं, बारीक भोक पाडायचं. तिच्या हिशोबाने अकरा भोकांना मिळून एक ग्रॅमही माल लागणार नव्हता. सांडलवंड धरून तिने बाबांना दहा ग्रॅम कालवायला सांगितला.

हातमोजे घाला म्हणाली, तर बाबांनी ते बाजूला सारले. “मोजे घातल्यावर हाताला कळायचं कसं?”

ती भोकं पुसत होती, बाबा ढवळत होते. दह्याचा रिकामा प्लॅस्टिकचा कप डाव्या हातात, काडी उजव्या हातात. ढवळता ढवळता त्यांच्या जुन्या फोरमनची गोष्ट रंगात आली होती. तो फोरमन म्हणे एकदा स्वतःचाच चष्मा डोक्यावर ठेवून अख्ख्या वर्कशॉपला शोधायला लावत होता आणि कुणाचीही सांगायची छाती नव्हती. लेक हसली. मग तिच्या नाकात एक गोडसर, जळका वास शिरला.

तिने वर पाहिलं. कप जवळजवळ भरलेला होता. दहा ग्रॅम मोजत बसायचं कंटाळवाणं म्हणून बाबा दोन्ही बाटल्यांतलं अंदाजाने ओतून मोकळे झाले होते. हा पदार्थ पातळ पसरवला तर गार राहतो, पण एका जागी साठला की स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो. कपातून धूर निघत होता. कपाची भिंत मऊ पडून बाबांच्या बोटांभोवती आत खचली होती. आणि बाबा फोरमनची नक्कल करत होते.

साठ अंशांना माणूस हातातलं भांडं टाकून देतो. हा कप शंभराच्या पुढे गेला असावा.

तिने टेबलावरचा पाना उचलून कप उडवला. तो फरशीवर आपटला, तडतडला आणि पिवळा पडत तिथेच दगड झाला.

“अगं, काय करतेस?” बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

तिने त्यांचा हात धरून नळाखाली नेला. अंगठा आणि दोन बोटं पांढरी पडली होती, कातडी सुटू लागली होती. बाबा पाण्याखालच्या बोटांकडे वाकून बघत होते, एखादा तुकडा लेथवर नीट कातला गेला नाही तर बघायचे तसे. आई धावत आली, काय झालं म्हणाली, आणि बोटं बघून बर्फासाठी फ्रीजकडे वळली.

“दुखत नाही?” लेकीने विचारलं.

“जरा बधिर असतात. गारठ्याने.”

दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्यांच्या पाठीवर पडलं होतं.

लेकीला तळ्याकाठचं भांडण आठवलं. बाबा मामाला ओरडत होते की पुढचे तीन तर तुझ्याच हातचे, मला फोन आला म्हणून ते बघायचे राहिले. तेव्हा तिने ऐकून सोडून दिलं होतं. पुढचे तीन. एक, दोन, तीन. टेकवून सोडलेले, पाव फेरा न मिळालेले. तेवढेच शाबूत होते.

बाबांनी तिच्या नजरेच्या वाटेने टेबलावरच्या बोटीकडे पाहिलं, पेन्सिलीच्या आकड्यांकडे पाहिलं, आणि बराच वेळ त्यांनी नळ बंद केला नाही.

“स्क्रू बसला की हाताला कळायचं,” ते शेवटी म्हणाले. “हल्ली कळायला थोडा जास्त फिरवावा लागतो.”

“कधीपासून?”

“झालं असेल वर्ष.” मग थांबून म्हणाले, “उजवा बरा आहे. लेथवर उजवाच लागतो.”

आईने डाव्या हाताला ओला रुमाल गुंडाळला आणि डॉक्टरांकडे जायचं म्हणून पर्स आणायला गेली. ती निघताना बाबांनी तिला सांगितलं, तुझ्या भावाला फोन लाव आणि उद्या जेवायला बोलाव. आई दारातच थबकली.

लेकीने टेबलावरचं व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं हत्यार, उचललं. आतली मापं घ्यायची त्याची दोन टोकं अणकुचीदार होती. ती दोन मिलिमीटरवर ठेवून तिने आधी डोळे मिटून स्वतःच्या तर्जनीला टेकवली. दोन टोकं, स्वच्छ वेगळी. ते तिने वहीत लिहिलं.

“बाबा, उजवा हात द्या. डोळे मिटा. एक टोचतंय की दोन, तेवढं सांगा.”

“परीक्षा घेतेस काय, प्रोफेसर?” म्हणत त्यांनी डोळे मिटले आणि हात पुढे केला.

दोन मिलिमीटर. “एक.” चार मिलिमीटर. “एक.” सहा. “एक.” मध्येच तिने खरोखरच एकच टोक टेकवलं. “एक.” आठ. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, स्क्रूड्रायव्हर धरल्यासारखं मनगट ताठ केलं. “एकच आहे.” दहा. “एक.”

आई पर्स घेऊन दारात उभी होती.

बारा. बाबांनी बोट टोकांवर दाबून पाहिलं. तिने पुन्हा टेकवलं. “एक,” ते हळूच म्हणाले.

तिने टोकं आणखी सरकवली आणि टेकवली.

“दोन.”

खात्रीसाठी तिने तीन वेळा मोजलं. मग वही ओढली आणि स्वतःच्या दोन मिलिमीटरच्या खाली लिहिलं: बाबा, उजवी तर्जनी, तेरा मिलिमीटर.