कॉसची काडी

"अडीच हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाने देवाकडे बघायचं सोडून रोग्याकडे बघितलं आणि त्या क्षणी वैद्यकशास्त्र जन्माला आलं. बघणं, नाना! डोळे उघडे ठेवून बघणं!" एवढं बोलून डॉक्टर मोतीराम देवरे यांनी आपलं बिस्किट माझ्या चहात बुडवलं. त्यांचा स्वतःचा कप त्यांच्याच दुसऱ्या हातात होता.

हे मी रोज संध्याकाळी ऐकतो. पंचवटीतलं त्यांचं वीस खाटांचं हॉस्पिटल आणि माझं घर यांच्यात एकच भिंत आहे आणि ती हवी तेवढी उंच नाही. हिपोक्रेटिस झाला की गेलेन येतो. "गेलेनने माकडं फाडली, डुकरं फाडली आणि लिहिलं माणसाबद्दल! पुढे तेराशे वर्षं सगळे त्याच्याच पुस्तकावर शिकले. समोर टेबलावर माणूस, त्याच्या खालच्या जबड्याचं हाड एक. पुस्तकात दोन. तर मास्तर म्हणायचे, पुस्तक बरोबर आहे, माणूस बिघडलाय!" यावर डॉक्टर मनापासून हसतात आणि मांडीवर थाप मारतात. माझ्या.

दोन वर्षांपूर्वी ते ग्रीसला जाऊन आले. तिथे कॉस नावाच्या बेटावर एक झाड आहे आणि हिपोक्रेटिस त्याच्याखाली बसून शिकवायचा म्हणे. झाडाचं वय पाचशेच्या आसपास, हिपोक्रेटिसला जाऊन चोवीसशे वर्षं झाली, हे मी एकदा बोलून दाखवलं, तर डॉक्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ते दोन दिवस फार सुखात गेले. या झाडाखाली पडलेली एक काडी डॉक्टरांनी पायमोज्यात दडवून नाशिकला आणली. झाड म्हणजे आपला चिनारच. काश्मीरला रस्त्याकडेला उभा असतो, पण तो मोज्यातून आलेला नसतो.

मे महिन्याच्या उन्हात हॉस्पिटलच्या अंगणात ती काडी लावली आणि बहिरूला बोलावलं. बहिरू वणीकडचा, कंत्राटावरचा माळी. नवरा-बायको हॉस्पिटलमागच्या खोलीत राहतात. डॉक्टर म्हणाले, "हे झाड दोन वर्षं जगलं तर तू कायम. मेलं तर खोली रिकामी कर."

काडी मेली. बहिरूने रिकाम्या आळ्याकडे बघितलं, मग आपल्या खोलीकडे बघितलं आणि गावाकडून द्राक्षाची एक काडी आणून तिथे खोचली. श्रावणात तिला पाच-पाच कोनांची हिरवीगार पानं आली.

द्राक्षाचा वेल ओळखू न येणारा माणूस नाशिकमध्ये शोधून सापडायचा नाही. आमच्याकडे तो होता आणि तो एम.डी. होता.

पेशंटचे नातेवाईक आत शिरायच्या आधी वेलापाशीच थांबायचे. कळवणचा पुंजा आईचं बीपी दाखवायला आला होता, त्याने विचारलं, "डॉक्टरसाहेब, वेल लय जोरात हाय. जात कोणती?"

"प्लॅटेनस ओरिएंटॅलिस."

"नवी आली का? एक्स्पोर्टला चालती?"

"ग्रीसहून आणलीय."

पुढच्या वेळी पुंजा आणखी चार शेतकरी दाखवायला घेऊन आला. आजारी एकही नव्हता. डॉक्टर मला गहिवरून म्हणाले, "नाना, ग्रामीण भागात वैद्यकाच्या इतिहासाची किती ओढ आहे हो!"

शेवटी न राहवून मी बोललो. "डॉक्टर, याला तणावे आहेत. वेलीला असतात तसे."

ते आत जाऊन पुस्तक घेऊन आले. "हे चित्र बघा. किती कोन? पाच. आता हे पान. किती कोन?"

"पाच. पण चित्रातलं झाड नव्वद फूट उंच आहे आणि हे बांबूला लटकलंय."

"अहो, बाळ आहे ते अजून!"

त्याच संध्याकाळी बहिरू भिंतीपाशी आला आणि त्याने मला काडीची सगळी हकीकत सांगून टाकली. "नाना, तुम्ही नका बोलू. कायम झालो तर बरं, नाय तर आम्ही दोघं जायचं कुठं?" मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. या वयात नवीन काही शिकणं फार जड जातं.

दोन वर्षं होत आली तसा डॉक्टरांनी जानेवारीत समारंभ ठरवला. झाडाशेजारी कोनशिला, तिचं अनावरण त्यांच्या गुरुजींच्या हस्ते. गुरुजी म्हणजे शरीररचनाशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, वय अठ्ठ्याऐंशी. बहिरूला कायम केल्याचं पत्रही त्याच कार्यक्रमात द्यायचं. कोनशिलेचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं, खाली माझंही नाव घालायच्या बोलीवर, आणि तो अकरा वेळा दुरुस्त होऊन परत आला. बाराव्यांदा तो हातात घेऊन मी भिंतीपाशी गेलो, तर वेलाला सात घड लटकलेले.

"बहिरू, हे काय आहे?"

"घड."

"ते मलाही दिसतंय. आले कसे?"

"ऑक्टोबरात छाटणी केली ना."

"कुणी सांगितली होती?"

"कुणी नाय. ऑक्टोबर आला का हात राहत नाय नाना. सगळी वणी छाटायला लागती, मी काय नुसता बघत बसू?"

"मग आता तोड ते मुकाट्याने."

बहिरूने कात्री आणली, पहिल्या घडाच्या देठाला लावली आणि खाली ठेवली. "अजून मण्यात पाणी उतरायचंय, गोडी भरायचीय. असा कच्चा घड नाय तोडवत."

"आणि खोली?"

त्याने पुन्हा कात्री उचलली. पुन्हा ठेवली. मी कपाळाला हात लावला. डॉक्टरांना यातलं काही कळायचा प्रश्नच नव्हता. 'निरीक्षणाचे महत्त्व' हे भाषण ते पाठ करत होते, झाडाकडे बघायला सवड कुठली?

समारंभाला दीडशे माणसं जमली. कोनशिला आणि झाड मिळून एकच जांभळा पडदा लावलेला. हाताखालच्या डॉक्टर हर्षालीकडे सूत्रसंचालन होतं. डॉक्टरांनी तासभर हिपोक्रेटिस सांगितला आणि शेवटी हात वर करून गरजले, "तो म्हणाला, आधी बघा!"

गुरुजींनी दोरी ओढली. दीडशे माणसांनी बघितलं. मागच्या रांगेतून पुंजा ओरडला, "ही तर आपली साधी थॉमसन द्राक्षं!"

डॉक्टर वळले. बहिरूचं पत्र त्यांच्याच हातात होतं. "बहिरू! हे काय?"

बहिरू पुढे आला. "साहेब, तुमची काडी चौदाव्या दिवशीच गेली. ही आमच्या बांधावरची."

"चौदाव्याच कशावरून?"

बहिरूने खिशातून वही काढली. द्राक्षवाल्यांना सवयच असते, फवारणीपासून पानापर्यंत सगळं रोजच्या रोज टिपायची. वही हर्षालीने घेतली आणि माइक हातातच होता म्हणून माइकवरूनच वाचली. "पहिला दिवस. साल तपकिरी. नखाने खरवडली, आत थोडी हिरवी. तिसरा दिवस. हिरवं कमी. ऊन फार. सातवा दिवस. शेंडा वाळला. सावली केली, फरक नाही. अकरावा दिवस. बुडाशी काळी पडली. चौदावा दिवस. गेली."

डॉक्टरांनी वही हिसकावून घेतली. ग्रीक वैद्य आपले रोगी असेच लिहून ठेवत. दिवस मोजायचे, दिसलं तेवढंच लिहायचं आणि गेला तर 'गेला' म्हणायचं. हे त्यांनीच मला भिंतीवरून शंभरदा ऐकवलं होतं. वहीची चार पानं त्यांनी उभ्या उभ्या वाचली. मग चष्मा पुसला, वेलापाशी गेले, एक तणावा बोटाला गुंडाळून बघितला, छाटलेल्या जागी नख लावलं, घड हातात घेऊन वजन बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. बहिरूची बायको पदर तोंडाशी धरून खुर्च्यांच्या कडेला उभी होती.

डॉक्टर परत आले. पत्रावर सही राहिली होती, ती केली आणि पत्र बहिरूच्या अंगावर ढकललं. "घे. आणि पुढच्या वेळी मेलं तर मेलं म्हणून सांगत जा!" मग माझ्याकडे वळून खेकसले, "आता या दगडाचं काय करायचं?" दगडावर त्यांचंच नाव माझ्या नावाच्या दुप्पट मोठं होतं, तरी विचारलं मलाच.

मी गुरुजींकडे बोट दाखवलं. सगळ्यांनाच वाटत होतं, आता या प्रसंगावर त्यांनी चार शब्द बोलावेत. या गडबडीत त्यांनी शांतपणे चार मणी तोडून तोंडात टाकले होते आणि डोळे घट्ट मिटून ते चावत होते. हर्षालीने माइक त्यांच्यापुढे धरला. सगळं अंगण कान देऊन बसलं.

"मोतीराम," गुरुजी म्हणाले, "जरा मीठ मिळेल का रे?"