मयताच्या बातमीचा भाव

शुक्रवारी कमिटी बसणार होती, आणि त्याआधी कौसल्येला आपल्या लिहिण्याचा भाव कागदावर मांडून द्यायचा होता.

मारेगावच्या शेतकरी मंडळाचं चार पानी मासिक पत्रक निघायचं. छपाई यवतमाळला, मजकूर कौसल्येचा. सातवी पास झालेली वस्तीतली ती पहिली मुलगी. पहिल्या महिन्यात मंडळाचे सचिव वामनराव यांनी तिला लुगडं दिलं, दुसऱ्या महिन्यात दोन पायल्या ज्वारी, पुढे नुसतं शाबास. शेवटी तिनेच धीर करून विचारलं, साहेब, माझं काही ठरवून टाका. वामनराव माणूस वाईट नव्हता. म्हणाले, तूच ठरव, कामवार दर लिहून आण. कमिटीला पटलं तर वर्षभराचं काम तुझं. नाही पटलं तर वणीचे एक मास्तर तयारच आहेत.

कामं चार होती. शेतीवरचा लेख, गावोगावच्या बातम्या, बाजारभावाचं टिपण, आणि या महिन्यापासून नवं सदर, दुःखद वार्ता. सभासद किंवा त्याच्या घरचं कुणी वारलं की चार ओळी. ते सांगताना वामनराव हसून म्हणाले, "हे काम तर तुमच्या घरचंच आहे."

त्यांच्या लेखी त्यात टोचण्यासारखं काही नसावं. कौसल्या ते वाक्य उन्हासारखं डोक्यावर घेऊन घरी आली.

तीन भाव तसे पटापट लागले. लेखाला दोन दिवस मोडतात, आणि कापूस वेचणीची मजुरी दिवसाला रुपया. म्हणजे दोन रुपये. शेजारची पंचफुला दारातून म्हणाली, "हाताचे दोन झाले व बाई, अन् डोक्स्याचे आठ आने?" कौसल्येने हसून अडीच केले. बातम्यांना दीड, टिपणाला रुपया. चौथ्या ओळीपाशी पेन्सिल थांबली.

तिच्या बापाचं, डोमाजीचं, अर्धं आयुष्य मयताचा निरोप पोचवण्यात गेलं होतं. गावात कुणी गेलं की सोयऱ्यांना सांगायला पायी निघायचं, हे पिढ्यानपिढ्या त्यांच्या वस्तीकडे होतं. कधी कोसभर, कधी बारा कोस, पांढरकवड्यापर्यंत. अंगणाबाहेर उभं राहून नाव सांगायचं, आणि वरून टाकलेली भाकर धोतराच्या सोग्यात झेलायची. कौसल्येची आई होती तोवर जात्यावर गायची,

वाट चालली चालली, तिले सावली भेटेना
माह्या धन्याच्या पायाची भेग कोनाले दिसेना

छप्पन साली दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीने एकत्र बसून ठरवलं, मयताचा निरोप न्यायचा नाही, त्याची भाकर घ्यायची नाही. महिन्याभरात पाटलाची आई वारली आणि डोमाजी जागचा हलला नाही. त्या हंगामात वस्तीतल्या एकाही बाईला वेचणीचं बोलावणं आलं नाही. तरी डोमाजीने शब्द मोडला नव्हता.

आणि आता त्याची लेक त्याच निरोपाचे पैसे मागणार होती. हे काम सोडावं तर बाकीची तिन्ही जातात. दोन दिवस ती कागद घेऊन बसली. मग तिला वाटलं, शब्द मोबदला न घेण्याचा आहे, न लिहिण्याचा नाही. काही घेतलंच नाही तर मोडलं काय? चौथ्या ओळीत तिने लिहिलं, विनामूल्य.

डोमाजी ओसरीवर अंबाडीचा दोर वळत होता. त्याला अक्षर येत नव्हतं. वाचून दाखव म्हणाला. तिने वाचलं. चौथ्या ओळीला दोर हातात तसाच राहिला.

"फुकट?"

"हो बाबा. काही घेणारच नाही मी."

त्याने दोर बाजूला ठेवला.

"मले भाकर तरी भेटत होती, पोरी."

मग तो सावकाश बोलला. भाकर शिळी होती म्हणून सोडली नव्हती त्याने. इतक्या वर्षांत, वैशाखात जा की पुरात जा, डोमाजी, तुझ्या चालण्याचे किती झाले, असं एकाही तोंडाने विचारलं नाही. पाय जणू त्याचे नव्हतेच, गावाचे होते. लेखाला किती लावले, त्याने विचारलं. अडीच, ती म्हणाली.

"मंग मयताले तीन लिही."

"इतके कोण देईन बाबा?"

"नाई देतीन तर राहू दे. पन भाव आयकू दे त्यायले."

शुक्रवारी ती मंडळाच्या व्हरांड्यात बाकाच्या कडेला बसून होती. आतून आधी हसणं ऐकू आलं, मग कुणाचा तरी चढलेला आवाज, मग काहीच नाही. वामनराव कागद घेऊन बाहेर आले. तिन्ही भाव मंजूर होते. चौथ्यावर लाल शाईची रेघ होती.

सदरच रद्द केलं, ते म्हणाले. कमिटीतले दोघं तर तुला काढायलाच निघाले होते, मी राखलं. पण मयताला तीन रुपये, हा हट्ट कशाला केलास?

कौसल्या उभी राहिली. "तुम्हीच म्हणाले साहेब, काम आमच्या घरचं आहे. म्हणून भाव घरी विचारून लावला."

वामनरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुढच्या लेखाचा विषय सांगितला, पेरणीआधी सरकीला शेणमाती चोळणे.

घरी तिने सगळं सांगितलं. सदर काढून टाकलं हे ऐकून डोमाजीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि तिथेच विरलं. भिंतीपलीकडे म्हातारा उकंडा खोकत होता. पौषापासून तो अंथरुणाला होता.

"उकंडाबी सभासद हाये ना मंडळाचा?" डोमाजीने विचारलं.

"हो. शेअर घेतला त्यानं."

"मंग त्याचं नाव छापून आलं असतं." तो थोडा थांबला. "आपल्या मान्साच्या मयताचा निरोप आजवर कोनी नेला नाई."

कौसल्येने हे हिशेबात धरलंच नव्हतं. सरकीच्या लेखासाठी आखलेला कागद तिने पुढे ओढला आणि वर नुसती तारीख घातली, मथळ्याची जागा मोकळी ठेवली. डोमाजी पुन्हा दोर वळू लागला. पलीकडचा खोकला एकाएकी थांबला तेव्हा बापलेकीने एकदमच मान वर केली, आणि तो परत सुरू होईपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.