दगडाची कावीळ

अक्रोडाच्या झाडाखाली सकाळपासून पन्नासेक माणसं रांगेत उभी होती आणि रांगेच्या तोंडाशी स्पिरिदोन वैदू बसला होता. पांढरी दाढी, पांढरा सदरा, पुढ्यात पितळी घंगाळ. मडक्यातल्या 'तेला'त त्यानं तळवे बुडवले, एका म्हातारीचे हात कोपरापर्यंत चोळले, सुरईतून नितळ पाण्याची धार सोडली आणि गाऊ लागला:

पिवळ्या रे पिवळ्या, काळजात दडलास,
चांदीच्या पाण्यानं उघडा पडलास.

धार हातांवरून उतरली ती पिवळीजर्द होऊन. घंगाळात जणू कुणी झेंडू कुस्करले. बायकांनी छातीवर क्रूस रेखले. यकृतातलं विष सात धुण्यांत जातं, असं स्पिरिदोन सांगे. पहिल्याला गडद, चौथ्याला फिकं, सातव्याला नुसतं पाणी. आणि तसंच व्हायचं, अगदी तसंच.

रांगेत त्सिउरी होती आणि तिची थोरली नणंद वार्दो. बावीस वर्षांपूर्वी, वीज नसलेल्या त्या काळ्या हिवाळ्यात, दोघी एकाच आठवड्यात एकाच प्रसूतिगृहात बाळंत झाल्या होत्या. सुया चुलीवर उकळल्या जात, रक्त मिळेल त्याचं चढवलं जाई. लेकरं धडधाकट निघाली. आयांच्या यकृतात मात्र हेपॅटायटिस सी बिनबोभाट मुक्कामाला राहिला, तो आत्ता कुठे कळला.

कुताइसी शहराच्या दवाखान्यात डॉक्टर रुसुदान नव्या औषधाची चाचणी घेत होती. बारा आठवडे, रोज एक गोळी. सही घेण्याआधी तिनं दोघींना समोर बसवून सांगितलं होतं की अर्ध्या बाटल्यांत औषध आहे आणि अर्ध्यांत नुसती भुकटी. गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाला काय मिळालंय ते तिलाही ठाऊक नाही. शेवटी नोंदीचा बंद लिफाफा उघडेल आणि भुकटीवाल्यांना मग खरं औषध मिळेल.

"हा कसला खेळ?" त्सिउरीनं विचारलं होतं.

"बरं वाटणं फार फसवं असतं, काकू. शेजारी बिनऔषधाचा माणूस उभा केल्याशिवाय औषधानं काय केलं ते कळत नाही."

गावानं या बोलण्याची यथेच्छ टिंगल केली. स्पिरिदोन तर दाढी हलवत म्हणे, ज्या डॉक्टरणीला आपण काय देतो तेच माहीत नाही, तिच्यापेक्षा गाढव शहाणं. ते निदान काय वाहतोय ते जाणतं. आणि वर बजावे की एका पात्रात दोन नद्या नांदत नाहीत, गोळ्या बंद करा, बाटल्या अक्रोडाच्या मुळाशी पुरा. वार्दोनं चौथा आठवडा संपताच पुरली. त्सिउरीची अजून एप्रनच्या खिशात खुळखुळत होती. पण खोटं कशाला बोला, दोन धुण्यांनंतर तिला भूक लागू लागली होती, झोप येऊ लागली होती. आज तिसरं धुणं झालं की आपणही पुरावी, असं ती घरून ठरवूनच निघाली होती.

तिची पाळी आली. धार पडली. पिवळं खरंच फिकं झालं होतं.

"बघ," वार्दो तिच्या कानाशी म्हणाली, "उतरतंय गं तुझं."

त्सिउरीनं ओले हात नाकाशी नेले. तो वास तिच्या ओळखीचा होता. बाटली न पुरता ती तशीच घरी गेली.

तिच्या बापाला मुलगा नव्हता. साऱ्या खोऱ्यातले, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले दारूचे रांजण तो धुवायचा. सडपातळ त्सिउरीला दहाव्या वर्षी त्यानं दोरानं आत सोडलं. हाती चेरीच्या झाडाच्या सालींचा कुंचा, सोबत चुन्याचं पाणी. घासता घासता पाणी पिवळं व्हायचं, तिचे कोपरही. पोरं तिला 'पिवळी' म्हणून चिडवायची. रांजणात उतरलेली दुसरी बाई त्या खोऱ्यात नव्हती, आणि पुरुषांनी केव्हाच पंप आणले होते. त्या अंधाराचा वास एकट्या तिच्या नाकात उरला होता.

दुपारी तिनं साली उकळल्या, ते पाणी मीठ वाटायच्या दगडाला चोळलं आणि वरून चुन्याची निवळी ओतली. दगड पिवळा गळू लागला. चुना कमी केला, तर पिवळं फिकं. तिला हसू आलं नाही. ज्या पाण्यानं आपल्याला झोप लागत होती ते खोटं निघालं, की माणूस हसत नाही.

पुढच्या रविवारी ती तो दगड धुऊन, काखेत मारून रांगेत उभी राहिली. पाळी येताच तिनं तो स्पिरिदोनच्याच मडक्यात बुडवला आणि घंगाळावर धरला.

"वन्सं, सुरई उचला. ओता."

"हात लावाल तर हात झडेल," स्पिरिदोन गुरकावला.

वार्दो घाबरली, पण भावजयीच्या डोळ्यांकडे बघून तिनं ओतलं. दगडावरून पिवळीजर्द धार घंगाळात पडली.

"याला कावीळ कधीपासून झालीय, स्पिरिदोन?" त्सिउरीनं शांतपणे विचारलं. "बिचारा दगड, सांगतही नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. मग तिनं सगळं सांगितलं: मडक्यात चेरीची साल, सुरईत चुना, दर खेपेला चुना थोडा कमी. काहींनी माना खाली घातल्या. एक म्हातारी मात्र तिच्यावरच चिडली, "बरं वाटत होतं ना आम्हाला? तुझं काय जात होतं?" त्सिउरीनं दगड पुन्हा काखेत मारला. सोमवारी स्पिरिदोन गावातून नाहीसा झाला. पलीकडच्या खोऱ्यातून पिवळ्या धारेची बातमी महिन्याभरात आली.

वार्दोनं अक्रोडाखाली उकरलं. बाटलीत पाणी शिरून गोळ्यांचा चिखल झाला होता. दोघी कुताइसीला गेल्या. रुसुदान रागावली नाही. गोळ्या कधी थांबल्या ती तारीख तिनं लिहून घेतली आणि रक्त काढलं.

चाचणी संपली, लिफाफा उघडला. त्सिउरीच्या बाटलीत भुकटी होती. विषाणू जसाच्या तसा.

"पण मला बरं वाटत होतं," ती पुटपुटली. "भूक, झोप..."

"ती तुमची आशा, काकू. आशेनं भूक लागते. विषाणू मरत नाही."

वार्दोची बाटली खरी होती. चौथ्या आठवड्याच्या रक्तात विषाणू सापडलाच नव्हता. गोळ्या अर्ध्यात थांबल्या आणि तो त्यांना दाद न देणारा होऊन परतला. आता तिला वेगळं औषध लागेल. ते कधी येईल, लागू पडेल का, रुसुदान म्हणाली, मला माहीत नाही. या खेपेला ते शब्द ऐकून कुणी हसलं नाही.

परतीच्या वाटेवर त्सिउरीच्या मांडीवर नवी, खरी बाटली होती. वार्दो खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डोळ्यांनी पाहिलं म्हणून मानलं गं."

"मीही पाहिलं, वन्सं. दोघींचं पाहणं खरंच होतं. शेजारी एक दगड ठेवून पाहायला हवं होतं, एवढंच."

चमत्कार दिसला, की माणसानं एवढंच करावं. जो म्हणतो मला सगळं दिसतं, त्याच्या घंगाळात एक दगड धरून बघावा. आणि जो म्हणतो मला ठाऊक नाही, मोजून बघू, त्याच्यापाशी थांबावं, कितीही अवघड गेलं तरी.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आठ वाजता वार्दो भावजयीच्या दारात उभी राहू लागली. पायरीवर तो मीठ वाटायचा दगड असे. ती आत येत नसे, बसत नसे. त्सिउरी गोळी जिभेवर ठेवी, पाणी पिई.

"गिळलीस?"

"गिळली, वन्सं."

"तोंड उघड."

त्सिउरी तोंड उघडून दाखवी. मग वार्दो मान डोलावून, आपले रिकामे हात एप्रनला पुसत घरी जाई.