उपाशी हातांनी उचललेला बार

मित्रांनो, माजलगावातल्या एका जिममधला सगळ्यात जुना लोखंडी बार मीच. दोन्ही टोकांना जड चकत्या अडकवून लोक मला उचलतात. भट्टीत तापून, घासून-पुसून मी कारखान्यातून निघालो, तेव्हा ताकदवान माणसांच्या हाती जाईन असा माझा समज होता. नशिबी आला विजयसिंह.

विजयसिंह म्हणजे जिमचा मालक आणि स्वतःच्याच म्हणण्यानुसार थोर प्रशिक्षक. भिंतीभर पुढाऱ्यांसोबतचे त्याचे फोटो. त्याचे चेले मला जेमतेम गुडघ्यापर्यंत आणत आणि आरशापुढे दंड फुगवून फोटो काढत. त्यांच्या हातांना घामापेक्षा अत्तराचाच वास जास्त. असल्यांची मला कीवसुद्धा येत नसे.

मग शिवकन्या आली. तिचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जात. ती मावशीकडे राहून कॉलेजात शिकत होती. पहिल्याच आठवड्यात तिनं मला असं डोक्यावर उचललं, की चेल्यांचे फोटो थांबले. लोखंड असल्याचा मला तेव्हा पहिल्यांदा अभिमान वाटला.

राज्य स्पर्धा जवळ आली, तसा विजयसिंह तिला म्हणाला, "तुझ्या वजनगटात पोरी लई तगड्या हायत. खालच्या गटात उतर. भाकरी बंद कर."

"सर, सरावानंतर लई भूक लागती."

"भूक मनाची असती. मारून टाक."

तिनं मारली. सकाळी लिंबूपाणी, दुपारी काकडी आणि सराव मात्र दुप्पट. ती सुकत गेली आणि सगळी जिम तिचं कौतुक करत गेली. "काय फिट दिसती!" म्हणे. बिनडोक सगळे! तिचे हात थरथरायचे ते मला कळत होतं. पूर्वी सहज उचललेलं वजन आता तिला पेलत नव्हतं. नडगी सारखी ठणकायची. एकदा मान खाली घालून ती म्हणाली, "सर, कितीतरी दिवस झाले, पाळीच आली न्हाई."

विजयसिंह हसला. "बरंच झालं की! सरावात खंड पडत न्हाई."

एवढ्या अकलेवर माणूस प्रशिक्षक होतो, मित्रांनो!

पुढच्याच आठवड्यात तिनं मला खांद्यापर्यंत आणलं आणि तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी दाणकन खाली पडलो, ती मागे कोसळली. विजयसिंह आधी फरशी फुटली का ते बघायला वाकला.

निरोप मिळताच तिची आई दगडाबाई उसाच्या फडावरून आली. "माझी लेक उपाशी का म्हून ठिवली?" तिनं विचारलं.

"बाई, खेळातलं तुमाला कळत न्हाई," तो म्हणाला. दगडाबाईनं लेकीला धरून दवाखान्यात नेलं. नडगीच्या हाडाला चीर गेली होती. राज्य स्पर्धा गेली.

बऱ्याच महिन्यांनी शिवकन्या परतली. तेव्हा दोन नव्या पोरी भाकरी सोडून सरावाला येत होत्या. त्यांना पाहून ती थबकली.

"वजन वाढलं की तुझं!" विजयसिंह म्हणाला.

"व्हय सर, वाढवलंय. वरच्याच गटात खेळणार." मग ती पोरींकडे वळली. "डॉक्टरबाईंनी सांगितलं, सरावाला पुरेल एवढं खाल्लं न्हाई, की शरीर आधी पाळी बंद करतं, मग हाडं पोखरतं. माझी पाळी आता कुठं सुरू झाली. ह्यांचं ऐकू नका."

तिनं बाकावर डबा उघडला. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. तिघी जेवल्या. चेले बघत राहिले. विजयसिंह फोन कानाला लावून बाहेर गेला. फोन वाजलाच नव्हता.

त्या वर्षी शिवकन्येला पदक मिळालं नाही. पूर्वीचं वजन उचलायलाही तिला फार वेळ लागला. पण तिच्या हातांचा थरकाप गेला.

मैत्रिणींनो, तुम्ही मला उचलायला याल तेव्हा पोटभर जेवून या. कारण उपाशी हातांतून मी निसटलो, तर तुमच्या बारीक अंगाची वाहवा करणाऱ्यांपैकी एकही जण मला धरायला पुढे येणार नाही.