रुखमाबाईचा हात

“असा नाई धरत वो पाईप! अंगठा लाव तोंडावर. हां. आता दाब थोडासाक.”

आईने सांगितलं तसा दीपाने अंगठा दाबला आणि फवारा रुईवर पडायच्या ऐवजी थेट फिरोजच्या अंगावर गेला. फिरोज म्हणजे बसस्टँडजवळचा झेरॉक्सवाला. लग्नाबारशांचे फोटोही काढायचा. कॅमेरा पोटाशी धरून तो ओरडला, “अरे ओ, कॅमेरा भिजला तं तुझा प्रोजेक्टच गेला!” जिनिंगमधल्या बाया खो-खो हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली ती रुखमाबाईची जोडीदारीण कांताबाई.

“सरक, तुह्यानं नाई होत,” म्हणत रुखमाबाईने लेकीच्या हातातून पाईप घेतला. अंगठा लावला न लावला तोच पाण्याचा बारीक पडदा रुईवर पसरला, कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. फिरोजने खटका दाबला.

दारव्ह्याच्या टोकाला लखीरामशेठचं जिनिंग होतं. कापसातून सरकी निघायची, रुई वेगळी व्हायची आणि तिच्या गाठी बांधल्या जायच्या. रुखमाबाई तिथे चौदा हंगाम राबली होती. नवरा गेल्यावर दीपाला पदराखाली घेऊन लागली, ती शेवटचे सहा हंगाम पाण्याच्या पाईपवर. गाठ बांधायच्या आधी रुईवर पाणी मारायचं. कायले, तर धूळ उडत नाही, आग लागत नाही आणि गाठ वजनाला भरते. शेठने असंच सांगितलं होतं आणि बायांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं. पाणी कमी झालं तर वजन भरत नाही, जास्त झालं तर गाठ आतून काळी पडते. मधला अंदाज होता तो एकट्या रुखमाबाईच्या अंगठ्यात. ती एखाद्या दिवशी आली नाही तर शेठ गेटवरूनच विचारायचा, “रुखमाबाई किधर है?” साठ बायांत नावाने हाक फक्त तिला. केवढा अभिमान तिला त्याचा!

दीपा बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला होती. आंतरराष्ट्रीय व्यवसाय या विषयाला प्रोजेक्ट होता: एका बहुराष्ट्रीय कंपनीचा अभ्यास करा. शिकवायला इम्तियाज सर. नऊ वर्षं तासांच्या हिशेबाने शिकवत होते, अजून पक्के झाले नव्हते. माणूस भला, पण बहुराष्ट्रीय कंपनी त्यांनी बघितली ती साबणाच्या कागदावर आणि गाईडात. वर्गातल्या पोरांनी काय केलं असेल? फिरोजच्या दुकानात थंड पेयाच्या कंपनीवरचा एक तयार प्रोजेक्ट होता, तोच सगळ्यांनी झेरॉक्स करून आणला. एकजण तर पहिल्या पानावरचं गेल्या वर्षीच्या पोराचं नाव बदलायलाही विसरला.

दीपाने तसं केलं नाही. लखीरामशेठच्या गाठी जी परदेशी कंपनी विकत घ्यायची, तिचाच अभ्यास तिने धरला. त्यालाही कारण होतं. त्या कंपनीने कॉलेजांसाठी प्रोजेक्टची स्पर्धा ठेवली होती आणि पहिला नंबर येईल त्याला कंपनीच्या दारव्ह्यात निघणाऱ्या खरेदी केंद्रावर नोकरी. आधी सहा महिने शिकाऊ, मग कायम. नोकरी लागली की आईला जिनिंगमधून काढायचं, एवढं एकच दीपाच्या मनात होतं. रुई छातीत जाऊन जाऊन रुखमाबाईचा खोकला आता उन्हाळ्यातही थांबत नव्हता.

“माय, यंदाचा हंगाम शेवटचा,” ती म्हणायची. “मी तुले जिनिंगातून काढीनच.”

“काढजो बापा. पह्यले पास तं हो.”

संध्याकाळी रुखमाबाई घरी आली की ओट्यावर बसून केसांतली रुई वेचायची आणि दीपा तिला गाईड मोठ्याने वाचून दाखवायची. यजमान देश, थेट गुंतवणूक, तंत्रज्ञानाचे हस्तांतरण. रुखमाबाईला त्यातलं अक्षर कळत नसे. पण प्रत्येक मुद्दा संपला की ती “हो” म्हणायची, कीर्तनात बसल्यासारखी. तिच्या त्या होकाराशिवाय दीपाचं पाठांतरच होईना.

प्रोजेक्टचं तिसरं प्रकरण दीपाने आईच्याच तोंडून लिहून घेतलं. मथळा दिला, ‘स्थानिक कौशल्य: रुईवर पाणी मारण्याची पद्धत’. किती वेळ मारायचं, किती बादल्या, वजन कितीने वाढतं, सगळं तपशिलात. खाली फोटो चिकटवला. सरांनी लाल पेनने दोन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि शेवटी लिहिलं, ‘स्वतंत्र काम. उत्कृष्ट.’ मग एक प्रत दीपाला ठेवून दुसरी त्यांनी स्वतःच्या खर्चाने नागपूरला पाठवली.

पहिला नंबर आला.

फेब्रुवारीत कंपनीचा साहेब जीपने कॉलेजात आला. प्राचार्यांनी शाल-नारळ केला. रुखमाबाई धुतलेलं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली होती, पायांतल्या चपला बाकाखाली लपवून. साहेबाने दीपाच्या हातात प्रमाणपत्र दिलं आणि प्रोजेक्टचं एकतिसावं पान उघडून अगदी गोड आवाजात विचारलं, “हे पाणी रोज मारतात?”

“हो सर, रोज,” दीपा म्हणाली. आनंदाने तिचा चेहरा फुलला होता. “माझी आईच मारते. ती बघा, मागे बसली आहे.”

रुखमाबाई उठून उभी राहिली आणि तिने हात जोडले. साहेबानेही जोडले. टाळ्या पडल्या. जाताना जीप फिरोजच्या दुकानापुढे थांबवून त्याने त्या पानाच्या दोन प्रती काढून घेतल्या.

त्या साहेबाला वाईट म्हणायची सोय नाही. कंपनी कोरड्या रुईचे पैसे देत होती आणि आत पाणी घेत होती, हे त्याने वर कळवलं. त्याचं कामच ते. पण मार्च लागता लागता दोन ट्रक गाठी परत आल्या. मग कंपनीच्या यादीतून लखीरामशेठचं नावच उडालं. ते वर्षच असं होतं की कापसाला भाव नव्हता, जिनिंगला दम नव्हता. एक धक्का पुरला. होळीच्या दुसऱ्या दिवशी बाया कामावर गेल्या तर गेटला कुलूप. बाहेर शेठ खुर्ची टाकून बसला होता. तो ओरडला असता तरी बरं झालं असतं.

“तेरी लडकी पढ़ गई, रुखमाबाई,” तो एवढंच म्हणाला. “हम अनपढ़ ही अच्छे थे.”

दीपा धावत सरांकडे गेली. इम्तियाज सर रिकाम्या वर्गात बसले होते. “मीही वाचलं होतं ते पान,” ते म्हणाले. “दोनदा. मला फक्त तुझं अक्षर दिसलं, बेटा. नऊ वर्षं हा विषय शिकवतोय, आणि कंपनी पान कसं वाचते हेच मला माहीत नव्हतं.” कंपनीचं पत्र टेबलावर होतं. दारव्ह्यातली खरेदी तूर्त थांबवल्याने तिथलं केंद्र रद्द, केंद्र रद्द म्हणून शिकाऊ पद रद्द. खाली शुभेच्छा होत्या.

साठ बाया घरी बसल्या. एका पोरीच्या हुशारीपायी! दीपा नळावर जायची ती अंधार असतानाच. कोणी तोंडावर बोललं नाही, हेच तिला सोसवेना. आणि रुखमाबाई? ती एका शब्दाने रागावली नाही. मार्चात वावरात काम कुठलं, तरी रोज सकाळी निघायची, दुपारी तशीच रिकामी परत यायची. एकदा दीपाच रडत म्हणाली, “माय, मार ना मले. बोल तरी काहीतरी.”

“काय बोलू? म्याच तं सांगतलं होतं तुले सारं,” रुखमाबाई म्हणाली. “म्याच फुशारकी मारली.”

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी कांताबाई दारात आली. ती आता भांडायलाच आली, असं वाटून दीपा आईच्या मागे सरकली. कांताबाईच्या कडेला गाठोडं होतं.

“उद्या सकाळी चाल्लो आमी. वीटभट्टीवर, नागपूरकडं,” ती म्हणाली. “दीपे, तो फोटू हाये का तुह्यापाशी? देशीन का मले?”

“कोणता?”

“जिनिंगातला वो. उभ्या जिनगानीत माहा एकच फोटू हाये, मतदानाच्या कार्डावरचा. त्यात मी मेल्यावानी दिसतो. यात हसून राह्यली ना मी?”

दीपाने घरची प्रत काढली. एकतिसाव्या पानावर सगळ्या बाया हसत होत्या, आणि मध्ये रुखमाबाई, नाकासमोर बघत, अंगठा पाईपच्या तोंडावर. दीपाने आईकडे पाहिलं.

“दे तिले,” रुखमाबाई म्हणाली.

दीपाने फोटो नखाने हळूहळू सोडवला. कांताबाईने तो पदराला पुसला, बराच वेळ बघितला, चोळीत ठेवला आणि रुखमाबाईच्या खांद्याला हात लावून निघून गेली. पानावर डिंकाचे चार डाग आणि खाली दीपाच्या सुंदर अक्षरातली ‘स्थानिक कौशल्य’ एवढी ओळ राहिली.

“बस वाचाले,” रुखमाबाई ओट्यावर टेकत म्हणाली. “सकाळी पेपर हाये ना?”

“नाई वाचत मी. काय उपयोग?”

“वाच म्हणतो ना.”

दीपाने गाईड उघडलं. उद्या हाच प्रश्न येणार, असं सरांनी सांगितलं होतं. तिने वाचायला घेतलं. “बहुराष्ट्रीय कंपन्यांपासून यजमान देशाला होणारे फायदे. एक. स्थानिक लोकांना रोजगार मिळतो.”

“हो,” रुखमाबाई म्हणाली.

“दोन. स्थानिक कौशल्याला वाव मिळतो.”

“हो.”

सवयीने तिचा हात केसांत गेला. बोटांनी तिने इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं. वेचायला रुई नव्हती. मग तिने हात मांडीवर ठेवला आणि पुढचा मुद्दा ऐकायला मान वर केली.