टक झालं, दिवा लागला नाही

मी एक जुना बझर आहे. एक काळी पेटी, तिच्यावर लाल गुंडी आणि आत पितळेच्या दोन पट्ट्या, एवढाच माझा संसार. मित्रांनो, आता मी एका घरातल्या फळीवर, स्क्रूंच्या डब्याशेजारी धूळ खात बसलेला असतो. पण एके काळी मी दर आठवड्याला टीव्हीवर दिसायचो. तोंड असतं तर आल्यागेल्याला हे ऐकवून मी भंडावून सोडलं असतं.

माझा जन्म कारखान्यातला नाही. स्टुडिओच्या दुरुस्तीच्या खोलीत मला एका वायरमनने हाताने बनवलं. त्यांच्या खिशात कायम एक खोडरबर असायचं, म्हणून सगळे त्यांना रबरकाका म्हणत. माझी गुंडी दाबली की टक असा आवाज होतो, पट्ट्या एकमेकींना टेकतात आणि टेबलावरचा दिवा लागतो. पण दर वेळी बारीकशी ठिणगी पडते आणि पितळ काळं होत जातं. म्हणून चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी काका मला उघडायचे, रबराने पट्ट्या घासायचे, फुंकर मारायचे आणि कान जवळ आणून गुंडी दाबायचे. "बोलतोय बरं का गडी!" असं म्हणत मला टेबलावर ठेवायचे.

शाळांच्या प्रश्नमंजुषेत मी अकरा वर्षं काम केलं. टाळ्या मुलांच्या बोटांना मिळायच्या आणि फुगायचो मी.

अकराव्या वर्षी काकांच्या मुलीच्या शाळेचा संघ अंतिम फेरीत आला. मुलगी नववीत होती. जिंकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना मंचावर बोलावण्याची आमच्याकडे पद्धत होती. काकांनी त्या मंचाखालून आयुष्यभर तारा ओढल्या होत्या, चित्रीकरण चालू असताना वर मात्र कधी उभे राहिले नव्हते. सकाळी मुलगी त्यांना म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला कॅमेऱ्यासमोर उभं करते की नाही बघाच."

काका हसले. पण त्या दिवशी त्यांनी मला उघडलं नाही.

"आज मी कशालाही हात लावणार नाही," ते दिवेवाल्याला म्हणाले. "उद्या कुणी म्हणायला नको, बापाने काहीतरी करून ठेवलं."

"अहो, नुसतं घासायचं तर आहे!"

"घासणंसुद्धा नको."

तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, तो त्यांचा त्यांनीच केलेला होता. मग दिवेवाल्याने मला एकदा दाबून पाहिलं. दिवा लागला. "लागतोय की! उगाच लाड करता तुम्ही याचे," असं म्हणून त्याने मला टेबलावर ठेवलं. चिठ्ठी टाकून जागा ठरल्या आणि मी नेमका मुलीच्या संघासमोर आलो.

बरोबर उत्तराला दहा गुण, चुकलं तर पाच वजा. एरवी नव्वद-शंभरपर्यंत मजल जायची आणि मी एखाद्या वेळी गप्प राहिलो तरी कुणाचं बिघडत नसे. त्या दिवशी प्रश्न इतके अवघड होते की दोन्ही संघ हात आखडून बसले. दोघांनीही एकेक उत्तर बरोबर दिलं, एकेक चुकलं. शेवटचा प्रश्न आला तेव्हा फलकावर पाच-पाच होते.

"कोणत्या ग्रहाचा स्वतःभोवतीचा एक फेरा त्याच्या वर्षापेक्षाही लांबतो?" सूत्रधाराने विचारलं.

प्रश्न संपताक्षणी मुलीने मला दाबलं. टक झालं, पण दिवा लागला नाही. माझ्या पट्ट्या टेकल्या होत्या, पण मधे काजळी होती. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, अगदी खरं सांगतो. तेवढ्यात समोरच्या टेबलावरचा दिवा लागला आणि तिथल्या मुलाने सांगितलं, "शुक्र."

"मी आधी दाबलं होतं, सर," मुलगी म्हणाली.

"दिवा लागला नाही, बाळ."

"पण मी दाबलं होतं!"

प्रेक्षकांत हसू पसरलं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर होता.

काका मंचाखाली तारा जातात त्या बाजूच्या दारात उभे होते. माझा आवाज त्यांच्याइतका कुणी ओळखत नाही. त्यांनी टक ऐकलं होतं. ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले. बापाने लेकीची बाजू घेतली असं लोक म्हणतील, म्हणून थांबले. तोवर समोरच्या मुलाचे आईवडील मंचावर चढले होते.

सगळे पांगल्यावर काकांनी मला उघडलं. काळा डाग दिसताच ते तसेच कार्यक्रमाच्या निर्मात्या बाईंकडे गेले.

"काका, तेव्हाच बोलला असतात तर मी सामना थांबवला असता," बाई म्हणाल्या. "आता काय करू मी?"

शाळेत मुलीचं नाव 'दाबलं-होतं' पडलं. काका घरी माझ्याशी बोलायचे, त्यातून मला कळलं की तिने वर्गात हात वर करणं सोडलं. मला नव्या यंत्रांपायी टाकून दिलं, तेव्हा काकांनीच मला उचलून घरी आणलं होतं. मला ते सगळं सांगत. तिला मात्र काहीच सांगत नव्हते.

वर्षं गेली. मुलगी नोकरीसाठी दूर गेली. परवा दुपारी घरी आली असताना तिने सहज मला फळीवरून उचललं आणि दाबलं. टक.

"बाबा, हे तेव्हा तुम्हाला ऐकू आलं होतं?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आलं होतं," ते म्हणाले. "अगदी स्पष्ट."

तिने मला हळूच फळीवर ठेवलं. मग म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं, मी दाबलंच नसेल."

ती गेल्यावर काकांनी खिशातून रबर काढलं. ते आता नखाएवढं उरलं आहे. ते माझ्या पट्ट्या घासत बसले. मला आता तारच नाही, पण त्यांना थांबवणार कोण?

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. माझी निगा तर आजही घेतली जाते. माझं मागणं वेगळं आहे. मी त्या दिवशी बिघडलो होतो, म्हणून बोलू शकलो नाही. तुमचं तसं नाही. कुणाचं टक तुमच्या कानांवर पडलं असेल, तर एक पाऊल टाकून थांबू नका. दुसरंही टाका, आणि सांगा की मी ऐकलं.