निर्दोष असल्याचा दाखला

मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली पिपेट बोलतेय. एरवी माझं तोंड भरलेलं असतं, तेही कुणाच्या तरी रक्ताने. त्यामुळे बोलायचं राहूनच जातं.

माझं काम सोपं. बटण दाबून सोडलं की मोजून दोन थेंब ओढायचे आणि नळीत सोडायचे. माझ्या पोटात दट्ट्या आहे. दट्ट्या आणि थेंब यांच्यामध्ये थोडी हवा असते, ती खोलीतलीच. खोली तापलेली आणि कोरडी असली की ओढलेल्यातल्या थोड्याची पोटातच वाफ होते, हवा फुगते आणि माप कमी भरतं. यात माझा काही आळस नाही.

थोरल्या बाईंनी मला अकरा वर्षं वापरलं. त्यांचा हात म्हणजे हात. यंदा प्रयोगशाळेचा एसी बंद पडला, तेव्हा त्या तीनदा ओढून-सोडून माझं टोक भिजवायच्या, पोटातली हवा ओलसर करून घ्यायच्या आणि मगच मोजायच्या. आकडे बरोबर यायचे. साहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "यात वेळ जातो, एकदाच ओढत जा." आकडे घसरले.

"साहेब, खोली तापलीय."

"मला तर नाही जाणवत."

साहेबांच्या केबिनमधला एसी चालू होता.

"अहो, पण पिपेटला जाणवतं ना."

"मग पिपेटच तपासून आणू."

तपासणीची खोली गार आणि थोडी दमट होती. खोलीशी जुळवून घ्यायला मला दोन तास नुसतं पडू दिलं. एवढा पाहुणचार मला कधी मिळाला नव्हता. दहा वेळा पाणी ओढून तोललं, एकदाही चुकले नाही. दाखला मिळाला: निर्दोष.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "यंत्र ठीक आहे, बाई. वयोमानाने हात थरथरतोच. तुम्ही नोंदणीच्या खिडकीत बसा."

बाईंनी उजवा हात पुढे धरला. एक बोटही हललं नाही. साहेब दाखला फायलीला लावत होते. मला माझीच लाज वाटली.

आता माझ्याकडे नवी मुलगी आहे. तिलाही एकदाच ओढायला सांगितलंय. आकडे अजून कमीच येतात. एसीची तक्रार दिलेली आहे.

आज मला पुन्हा तपासणीच्या डब्यात घातलं. झाकण लावताना मुलगी पुटपुटली, "हिच्यातच काहीतरी बिघाड निघू दे."

कुणाला जमलं तर या डब्यात ही खोलीही भरून पाठवा. नाहीतर मी पुन्हा निर्दोष सुटेन.